खाऊचा हिशेब

गेल्या जुलैतली गोष्ट. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे, शाळेला सुट्टी, आणि बर दुबईतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आमचे चिरंजीव (वय वर्षे नऊ) उजवा गाल धरून बसलेले. आदल्या रात्री लवंग झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, आजीचा हात गालावरून फिरून झाला. सकाळी मात्र सौ.ने निर्णय दिला, "अहो, आता नेऊ या याला." मनखूलच्या बाजूला एका दवाखान्यात सांगलीकडच्या एक डॉक्टरीणबाई बसतात. त्यांनी चिरंजिवांना खुर्चीवर आडवे केले, दिवा पाडला, छोटा आरसा फिरवला आणि सहा दातांचे आकडे सहायिकेला सांगितले. आम्हांला वाटले दात मोजताहेत. त्या किडलेले दात मोजत होत्या.

त्यांतले पाच दुधाचे. "दुधाचेच ना, पडणारच आहेत," असे आम्ही हसत म्हणालो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सहावा बघा. ही दाढ दुधाची नाही. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे मुकाट्याने येते, कुठला दात पडून येत नाही, म्हणून आईवडिलांना कळतच नाही. हिच्या जागी दुसरी येणार नाही. आणि कीड नसेच्या अगदी जवळ गेली आहे."

आता आमची लाज सांगायची तर आमचा पेशा सांगावा लागेल. आम्ही गंजवाले. म्हणजे भंगारवाले नव्हे! अमेरिकेत एम.एस. केले ते धातू का आणि कसे गंजतात या विषयात, आणि गेली सोळा वर्षे समुद्राचे पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांची तपासणी करून पोट भरतो आहोत. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पाइपला टाचणीएवढे भोक असते आणि आत पोकळ खड्डा, हे आम्ही नव्या पोरांना शिकवतो. एक्स-रेवर चिरंजिवांच्या दाढेत नेमके तेच दिसत होते. वर काळा ठिपका, आत गुहा. शेकडो मैल पाइपांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला घरातला बारा मिलिमीटरचा तुकडा दिसला नव्हता.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून वाचायला बसलो. वाचले ते, आणि बाईंनी पुढच्या चार खेपांना समजावले ते, आपल्या मंडळातल्या घराघरांच्या उपयोगाचे वाटले म्हणून हा प्रपंच.

पहिली गोष्ट, 'कीड' या शब्दाने आपली फसगत केली आहे. दातात कुठलाही किडा नसतो. आमच्या लहानपणी मिरजेच्या बाजारात वैदू बसायचे, ते भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली 'कीड' काढून दाखवायचे, आणि आम्ही पोरे तोंड वासून बघायचो. खरा प्रकार साधा रसायनशास्त्राचा आहे. दातांवर जो चिकट थर बसतो त्यात असंख्य जिवाणू राहतात. त्यांतला एक नामांकित, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, १९२४ साली लंडनच्या क्लार्क यांनी किडक्या दातांतून शोधून काढला. आपण साखर खाल्ली की ही मंडळीही जेवतात आणि त्यांचे उष्टे म्हणजे आम्ल. दाताचे वरचे कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ खरे, पण ते कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक आहेत, आणि पीएच साडेपाचच्या खाली गेला की ते विरघळू लागतात.

अमेरिकेतल्या स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दातांवरच्या थराचा पीएच प्रत्यक्ष मोजला. साखरेच्या पाण्याने चूळ भरली की काही मिनिटांतच तो धाडकन साडेपाचच्या खाली जातो, आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास घेतो. वर आणायचे काम लाळ करते. ती आम्ल धुते, शमवते, आणि विरघळलेले कॅल्शियम थोडेफार परत दातात भरते. पीएच सातावरून पाचावर आला म्हणजे दोनच आकड्यांचा फरक असे वाटते, पण ही मोजपट्टी दसपटीची आहे. आम्लता शंभरपट वाढते.

म्हणजे लढाई कसली आहे? बिघाड आणि दुरुस्ती यांची. दुरुस्तीवाल्याला वेळ मिळाला तर दात टिकतो. आमच्या पाइपांचेही असेच.

मग आम्ही काय केले, तर कारखान्यात करतो तसा तक्ता केला. सुट्टीच्या एका दिवशी चिरंजिवांच्या तोंडात काय काय कधी गेले ते सौ.ने गुपचूप लिहून ठेवले. सकाळी आठला दूध-कॉर्नफ्लेक्स. साडेनऊला बिस्किटे. अकराला खोक्यातला ज्यूस. एकला जेवण. अडीचला टीव्हीसमोर बटाट्याचे चिप्स. चारला चॉकलेटची पूड घातलेले दूध. पाचला आजीची शंकरपाळी. साडेसहाला खालच्या बकाल्यातून आणलेली टॉफी. साडेआठला जेवण. साडेनऊला, "झोपताना उपाशी नको" म्हणून, अर्धा बेसनाचा लाडू. एकूण दहा खेपा. खेपेला सरासरी चाळीस मिनिटे धरली तर चारशे मिनिटे, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटे पोराचे दात आम्लात! तोच सगळा खाऊ चार वेळात बसवला असता तर हिशेब दोन तास चाळीस मिनिटांचा झाला असता. गंमत बघा, लाडू तेवढाच, टॉफी तेवढीच.

हा काही आमच्या सुपीक डोक्यातला शोध नव्हे. स्वीडनमध्ये लुंड शहरातल्या व्हिपेहोल्म या संस्थेत १९४५ नंतर काही वर्षे एक मोठा प्रयोग झाला. तिथल्या रुग्णांना कुणाला जेवणाबरोबर साखर, कुणाला गोड पाव, कुणाला मधल्या वेळात मुद्दाम चिकट बनवलेल्या टॉफ्या देऊन किती दात किडतात ते मोजले. १९५४ साली निष्कर्ष छापून आले. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने फारसे बिघडले नाही. मधल्या वेळात, पुन्हा पुन्हा, चिकट रूपात खाल्लेल्या साखरेने दातांची वाट लागली. हे सगळे मतिमंद, बोलू न शकणाऱ्या माणसांवर त्यांना न विचारता केले गेले, आणि आज ते कुणी करू धजणार नाही. आपल्याला मिळालेल्या शहाणपणाची किंमत त्यांच्या दातांनी मोजली, हे वाचून आम्हांला बराच वेळ पुढे वाचवेना. स्वीडिश घरांत मुलांना गोड फक्त शनिवारी द्यायची जी पद्धत रुजली, तिचे मूळ याच निष्कर्षांत आहे.

आता आपल्या डब्यांकडे वळू. बर दुबईत राहून मराठी खाऊची टंचाई आहे असे म्हणणाऱ्याने मीना बाजारातून एक चक्कर मारावी. शिवाय मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक बॅगेत तीन किलो चिवडा-चकल्या असतातच. त्यांतला शत्रू कोण?

आपण म्हणू, चिक्की आणि टॉफी, कारण त्या दाताला चिकटतात. इथे आमचा पहिला अंदाज चुकला. १९९१ साली अमेरिकेत काही संशोधकांनी लोकांना विचारले की कुठला पदार्थ चिकट वाटतो, आणि मग खाल्ल्यावर दातांत खरोखर किती उरतो ते मोजले. दोन्हींचा मेळ बसेना! कॅरमेलसारखे पदार्थ चिकट वाटतात पण विरघळून लवकर निघून जातात. बिस्किटे आणि बटाट्याचे चिप्स कोरडे वाटतात, पण त्यांचा लगदा दाढांच्या खाचांत बसतो तो बसतोच. लाळेतले पाचकद्रव्य त्या पिष्टाची साखर करते आणि जिवाणूंची पंगत सुरू राहते. म्हणजे 'खारट आहे, गोड नाही' म्हणून निर्धास्तपणे दिलेला चिप्सचा पुडा आणि चहात बुडवलेले बिस्कीट हे आपल्या घरातले साळसूद चोर. खारी आणि टोस्टही त्याच टोळीतले.

चिवड्याबद्दल बाई जरा मवाळ आहेत. शेंगदाणे, डाळ, खोबरे यांत जिवाणूंना फारसे मिळत नाही. पण आपल्याकडे चिवड्याला पिठीसाखर लागते आणि वर बेदाणे. शिवाय चिवडा हा एका बैठकीत संपत नाही, येता-जाता डब्यात हात जातो. चकलीचा धोका वेगळाच. जुने सिमेंट भरलेली दाढ चकलीवर फुटल्याच्या तीन हकिगती आम्हांला एका आठवड्यात ऐकायला मिळाल्या. फुटाणे, भाजलेल्या शेंगा, चीजचा तुकडा, काकडी-गाजर हे सज्जन. चावताना लाळ सुटते आणि साखर नाही. तीळगुळाला बाईंचा आक्षेप नाही, दिवाळीच्या फराळालाही नाही. "ताट समोर घेऊन बसा, पोटभर खा, उठा आणि चूळ भरा. डबा मांडीवर घेऊन सिनेमा बघू नका," इतकेच त्यांचे म्हणणे.

घरात सर्वांत मोठा वाद झाला तो गुळावरून. आमच्या आईचे ठाम मत, की साखर वाईट, गूळ आणि मध औषधी. रक्तासाठी गुळात थोडेफार लोह असेल, पण जिवाणूला गूळ ही साखरच. खजुराचेही तेच. या देशात खजूर नको म्हणणे म्हणजे उद्धटपणा, आणि खजूर चांगलाच आहे, त्यात तंतू आहेत, खनिजे आहेत. पण वाळलेल्या खजुरात निम्म्याहून जास्त साखर असते आणि तो चिकटतो. आंबापोळी तर विचारूच नका. जेवणाला जोडून खा, मग पाणी प्या, एवढेच.

थंड पेयांचे पाप दुहेरी. साखर आहेच, शिवाय ती मुळातच आंबट. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास असतो, म्हणजे जिवाणूंची वाटसुद्धा बघावी लागत नाही, कवच थेट झिजते. साखर नसलेला कोला या बाबतीत निर्दोष नाही, आणि आपले लिंबू सरबतही नाही. इथल्या सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडा घातलेल्या गोड पेयांवर ५० टक्के आणि एनर्जी ड्रिंक्सवर १०० टक्के कर बसवला, डिसेंबर २०१९ पासून साखर घातलेली इतर पेयेही ५० टक्क्यांत आली. टपरीवरच्या करकला मात्र हा कर नाही!

करकचा विषय निघाला म्हणजे आमची पाळी आली. चिरंजिवांच्या तिसऱ्या खेपेला बाई सहज म्हणाल्या, "तुम्हीही बसा की खुर्चीवर." आम्ही बसलो. घासताना हिरड्यांतून रक्त येते का? येते, पण ते ब्रश कडक आहे म्हणून. बाईंनी एक बारीक आकडे कोरलेली सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत घालून मोजायला सुरुवात केली. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. आमचे आकडे पाच, पाच, सहा, पाच असे येऊ लागले. जाडी मोजणारे आम्ही, त्यामुळे सळईची भाषा लगेच कळली.

हिरड्यांची गोष्ट दातांहून थोडी निराळी. तिथे साखरेपेक्षा साचलेल्या थराचा दोष मोठा. डेन्मार्कमध्ये १९६५ साली ल्यो नावाच्या संशोधकाने निरोगी माणसांना, त्यांत बरेचसे दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत एकूण एकाच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात बऱ्या झाल्या. इथवर सगळे परतीचे. पण थर वाळून त्याचे कीटण झाले, सूज हिरडीखाली उतरली आणि हाड झिजू लागले, की गेलेले हाड सहसा परत येत नाही. आणि हे सगळे न दुखता होते. मऊ, पिठूळ, दातांच्या फटींत अडकणारा खाऊ त्या थराला रोज नवा गिलावा पुरवतो.

बाईंनी पुढे विचारले, "शुगर कधी तपासली होती?" आमच्या वडिलांना मधुमेह होता. आमची शुगर कधी तपासली होती ते आम्हांला आठवेना. दुसऱ्या दिवशी रक्त दिले. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा आला ६.९. साडेसहाला मधुमेह म्हणतात. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आटोक्यात राहत नाही, अशी ही दुतर्फा वाट आहे. आमचा स्वतःचा तक्ता मग आम्हीच केला: कार्यालयात दिवसाला पाच करक, प्रत्येकात दोन चमचे साखर, प्रत्येक कप संगणकासमोर अर्धा तास घोट-घोट. अर्धा तास पिण्याचा आणि वर चाळीस मिनिटे सावरण्याची, गुणिले पाच. पावणेसहा तासांवर पाच मिनिटे. पोराला रागावायला आमच्याकडे तोंड उरले नाही, अक्षरशः.

इथे राहणाऱ्यांसाठी पाण्याबद्दल दोन शब्द, कारण तो आमचा प्रांत. आपल्या नळाला येते ते समुद्राचे गोडे केलेले पाणी. ते करताना मिठाबरोबर फ्लोराइडही जवळजवळ सगळे निघून जाते. थोडे फ्लोराइड दाताच्या स्फटिकात बसले की तो आम्लाला अधिक दाद देत नाही. उलट आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत विहिरींच्या पाण्यात ते इतके जास्त, की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि हाडेही धरतात. तिकडे अति, इकडे जवळपास नाही. म्हणून इथे फ्लोराइडवाली पेस्ट वगळून चालणार नाही. आम्ही माकडछाप काळ्या पावडरीवर आणि नंतर वज्रदंतीवर वाढलो, त्या चवीचा मोह अजून सुटत नाही. पण बाईंनी विचारले, त्यात फ्लोराइड किती? पेस्टच्या नळीवर एक हजार ते दीड हजार पीपीएम लिहिलेले बघून घ्यावे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी. घासल्यावर थुंकावे, पण खळखळून धुऊन टाकू नये. रात्रीचे घासणे सर्वांत महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ आटते. त्यानंतर लाडू नाही, दूधही नाही. आंबट काही खाल्ल्या-प्यायल्यावर मात्र लगेच ब्रश चालवू नये, मऊ पडलेले कवच खरवडले जाते. अर्धा तास थांबावे.

जाता जाता एका पुडीविषयी. जेवणानंतर मुलांच्याही हातावर सुगंधी गोड सुपारी ठेवायची सवय आपल्यांतल्या पुष्कळ घरांत आहे. पान विकायला इथे बंदी आहे, पण सुपारीची पुडी बॅगेतून येतेच. १९५२ साली श्वार्ट्झ या डॉक्टरांनी आफ्रिकेत केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडाचा एक विचित्र आजार नोंदवला. तोंडाचे अस्तर ताठ होत जाते आणि शेवटी घास जाईल एवढेही तोंड उघडत नाही. पुढच्याच वर्षी जोशी नावाच्या आपल्या डॉक्टरांनी त्याला आज रूढ असलेले नाव दिले, सबम्यूकस फायब्रोसिस. मूळ कारण सुपारी, तंबाखू नसली तरीही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. आमच्या घरातली बरणी आम्ही फेकली. बडीशेप ठेवली, साखरेच्या रंगीत वेष्टनाशिवायची.

राहिली आजी. व्हिसावर तीन महिन्यांसाठी आलेली आमची आई, आणि तिचे प्रेम डब्यांतून वाहते. "खाऊ कमी दे" म्हटल्यावर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पोर एवढ्या लांब वाढतंय. त्याला माझी आठवण कशानं राहणार, सांग." याला आमच्या एम.एस.मध्ये उत्तर नव्हते. मग आम्ही तिला तक्ता दाखवला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "हे सारखं चरणं कधीपासून सुरू झालं रे? तुम्हांला मी दुपारी चारला एकदा द्यायची. उष्ट्या तोंडानं कुणी उंबरा ओलांडलेला चालायचा नाही. हात धुवा, चूळ भरा." खरेच होते. मधल्या वेळचे खाणे एकदाच, आणि त्यानंतर चूळ. स्टीफन आणि व्हिपेहोल्म वाचून आम्ही जिथे पोचलो तिथे मिरजेच्या स्वयंपाकघरातली मोरी आधीच होती. ती आम्ही इथे येताना सामानात घ्यायला विसरलो. कार्यालयातल्या झुळझुळीत बेसिनवर चूळ भरायला आम्हांलाच लाज वाटत होती.

आता चारचा खाऊ आजीच्या अधिकारात आहे. बशीत वाढून, टेबलाशी बसून, आणि नंतर पाणी. डबे कपाटावर गेले आहेत. करक दोनवर आला आहे, बिनसाखरेचा, आणि पहिले पंधरा दिवस तो काढ्यासारखा लागला हे कबूल करतो. हिरड्यांखालची सफाई चार खेपांत झाली, तीन महिन्यांनी सळईचे बहुतेक आकडे चारवर उतरले, एक सहा मात्र सहाच राहिला. विम्यात दात बसत नाहीत, त्यामुळे सगळा खर्च खिशातून. भारतात स्वस्त पडते म्हणून सुट्टीपर्यंत थांबणारे पुष्कळ आहेत, आम्हीही तेच करत आलो होतो. पण कीड आणि सूज विमानाच्या तिकिटाची वाट बघत नाहीत.

चिरंजिवांची एक दुधाची दाढ काढावी लागली, तिथे मागच्या दाताने जागा अडवू नये म्हणून तारेची कडी बसवली आहे. बाकीच्या कायमच्या दाढांच्या खाचा लेपाने बुजवल्या, हे सहाव्या-सातव्या वर्षीच करून घ्यायला हवे होते. ती खोल किडलेली दाढ औषध घालून भरली आहे. आत नस जिवंत राहिली तर मूळ पुरे वाढेल, नाही तर पुढची शस्त्रक्रिया. गेल्या आठवड्यात भारतातून आईचे पार्सल आले. भाजलेल्या शेंगा, फुटाणे, आणि तळाशी एक छोटा डबा बेसनाच्या लाडवांचा, वर तिच्या अक्षरात चिठ्ठी: 'शनिवारी, जेवणानंतर.' दाढेचा पुढचा एक्स-रे दोन महिन्यांनी आहे.